राजाचे बोल जानरावपाशी

(मंगरूळपीर तालुक्यातलं, आसेगावच्या वाटेवरचं एक गाव. साल १९७४, दिवाळी होऊन गेलेली. दुपारची वेळ, जानरावचं अंगण. बाजेवर जानराव आणि मारोतराव, दोघंही सत्तरीला टेकलेले. खाली जानरावची बायको सोजरबाई सुपात उडीद पाखडते आहे.)

मारोतराव : ...गेले हत्ती-घोडे. हत्ती-घोडे गेले. मंग पुढं काय गेलं, जानराव?

जानराव : थे तुमी सांगा. मी सांगतलं तं पाठ माह्यंच होईन, तुमचं नाई.

मारोतराव : राज गेलं, पाट गेलं, गेले हत्ती-घोडे... जिभीच्या शेंड्यावर येऊन बसलं हाये, अन् उडी मारून नाई राह्यलं.

सोजरबाई : हत्ती-घोडे चार डाव गेले, मारोतभाऊ. आता तबेल्यात काही उरलं नाई.

जानराव : तू गप राह्य वं. मानूस आठवून राह्यला.

सोजरबाई : मी गपच हावो. मी आपली मोजते. पह्यल्या दिवशी चार ओळी आल्या. परवा अकरा. काल चवदा. आज दुपारपासून एक, अन् थेबी उष्टी.

मारोतराव : तुमची बाई मले हसते.

जानराव : मलेबी हसते. पन्नास वर्सांपासून हसून राह्यली. मनावर घेऊ नका.

सोजरबाई : हसत नाई, कारन सांगते. काल तुमी बाजेच्या लाकडावर बोटं वाजवत होते. आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तुमची बोटं चालली की त्याईचा राजा चालते. बोटं थांबली की राजा खुंट्यासारखा उभा.

जानराव : मी कुठी वाजवलं?

सोजरबाई : तुमाले ठाऊक नसन. तुमच्या बोटाईले ठाऊक हाये.

मारोतराव : वाजवा ना बापा जराक.

जानराव : बोटं वाजवीन. डफडं नाई.

मारोतराव : डफड्याचं नाव म्या कवा काढलं?

जानराव : तुमी नाई, मास्तरनं काढलं. दोन डाव. मी त्याले सांगतलं, छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् दुसऱ्या दिवशी डफडं खुंटीवरून काढून अडान नदीच्या धारेत सोडलं. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मौतीत वाजवत फिराचं अन् मंग दारोदार भाकर मागाची, थे सारं त्याच्यासंग वाहून गेलं. अठरा वर्स झाले. आता सत्तरीत कायले धरू?

मारोतराव : बरोबर हाये. पन मास्तर म्हंजे कोन?

सोजरबाई : घ्या.

जानराव : रतनसिंग मास्तर. आपल्या शाळेतला. तुमी रोज त्याच्याच व्हरांड्यात जाता.

मारोतराव : हां हां, थो चष्म्यावाला. मानूस भला हाये. दंडारीचं त्याच्या डोक्यात कसं आलं असन?

सोजरबाई : त्याच्या कुठी आलं? त्याले वरून हुकूम आला, म्हाताऱ्याईले साक्षर करा. अकरा जन जमले. सात जनाईले चष्मा नाई, तिघाईचा मोतीबिंदू पिकेल. मास्तरनं पाटीवर अ काढला, अन् उकंडराव म्हने, हे बैलाचं शिंग दिसते. आठ दिवस असंच चाललं. मंग बिचाऱ्यानं खडू ठेवला अन् म्हने, बाबांनो, मले काही शिकवता येऊन नाई राह्यलं, तुमाले जे येते थे मले शिकवा. उकंडराव लगेच म्हने, आमाले दंडार येते, रातभर सोंगं नाचवाची, गानी म्हनाची. तीस वर्साखाली बंद पडली, पन येते.

मारोतराव : उकंडराव रानी करे.

सोजरबाई : अजूनबी तोच करते. रानीले दात एक नाई, पन लाजते अशी की काल मास्तरच शरमला. अन् उकंडरावची सून सांगत होती, मामंजी पह्यले रातभर खोके, आता रानीचं गानं पुटपुटत पडते अन् झोपून जाते. शालिग्रामचं तसंच. चार वर्सांपासून ज्याचा गुडघा साऱ्या गावाले ठाऊक होता, त्यानं महिन्यापासून गुडघ्याचं नाव घेतलं नाई. काहून? तं त्याले पह्यलवानाचं सोंग देल्लं. गुडघा दुखते म्हनलं तं सोंग जाते.

जानराव : दवाखान्यात जेवढं बरं होत नाई तेवढं दंडारीत झालं म्हनते.

सोजरबाई : मी पाह्यलं थे सांगते. अकरातले नऊ सुधरले. दहावा शालिग्रामचा भाऊ, थो पह्यलेपासूनच धडधाकट हाये, फकत चहासाठी येते. अकरावे आपले मारोतभाऊ. त्याईचं अजून मी ठरवलं नाई.

मारोतराव : बाई, मले जुनं सारं आठवते. केनवडच्या बाजारात आपन दंडार नेली होती, आठवते का जानराव? तेरा बंड्या. गॅसबत्त्या उसन्या आनलेल्या. माह्या डोक्यावरचा मुगुट बिस्कुटाच्या डब्याच्या पत्र्याचा. त्याले जरीची किनार लावाची म्हून माह्या मायनं लुगड्याचा पदर फाडला. माह्या बापाले सांगतलं, उंदरानं खाल्ला.

जानराव : तुमच्या वडिलानं उंदीर शोधाले मले बलावलं होतं. दोन दिवस मी तुमच्या कोठ्यात बीळ हुडकत होतो.

मारोतराव : अन् केनवडकरांचा राजा असा जाडा, सिंहासन मोडलं त्याचं. आपला ताल असा पडला, असा पडला, की त्याईचीच मानसं इकडं येऊन बसली. भल्या पहाटपर्यंत कोनी हललं नाई. मंग सावकाराच्या ओसरीत पंगत. बुंदी होती. तुमीबी होतेच ना जानराव पंगतीले?

जानराव : मी होतो. लिंबाच्या झाडाखाली. बुंदी तिथंवर पोचली नाई. भात पोचला.

मारोतराव : असं?

जानराव : भात गरम होता पन.

सोजरबाई : कालचं आठवत नाई अन् पस्तीस वर्साखालची बुंदी आठवते. अशानं तुमचा पोरगा पंजाबराव तुमाले इथी ठेवन का, भाऊ?

जानराव : सोजर.

सोजरबाई : लपवून काय उपेग? साऱ्या गावाले ठाऊक हाये. पोळ्याच्या दिवशी तोरनाखालून हे शालिग्रामची बैलजोडी घेऊन घरी गेले. दारात पूजा केली, पुरनाची पोळी चारली. अन् याईचे सोताचे बैल, कपाळाले मठाट्या बांधून, झुला घालून, दिवस मावळेपर्यंत तोरनाखाली उभे. पोळ्याले उपाशी बैल. पंजाबरावले चार लोकांत मान खाली घालावी लागली.

मारोतराव : त्या जोडीतला एक बांडा होता. माह्याबी घरी एक बांडा होता.

जानराव : थो मरून बारा वर्स झाले, मारोतराव.

मारोतराव : हो. मंग समजलं मले. पन बैलं चांगली होती. लेकरानं तेवढं बोलाले नोतं पाह्यजे.

जानराव : अन् वावरात म्हून निघाले थे आसेगावच्या मोटारस्टँडवर सापडले.

मारोतराव : म्हून तं पंजाब म्हनते, कारंज्याले बहिनीकडं ठेवतो. माडीवरची खोली हाये. खाली उतराले जिना, जिन्याले दार, दाराले कडी. तिथून बाबा कुठी जानार नाई म्हने. त्याच्या जिवाचंबी बरोबर हाये. पन जानराव, तिथी खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते. मी पाह्यली हाये. विटाईची भिंत. म्या मरेपर्यंत विटा मोजाच्या का?

सोजरबाई : सून काय म्हनते?

मारोतराव : बेबीनं माह्यी बाजू घेतली. नवऱ्याले म्हने, दंडार होऊ द्या. बाबानं जर चार गावांपुढं राजा धडपनं केला, तं त्याईले ठेवाचं. नाई केला तं मंग तुमी म्हनान तसं. थो हो म्हनला. पन त्याच दिवशी वळकटी बांधून ठेवली त्यानं.

जानराव : किती दिवस राह्यले?

सोजरबाई : नऊ.

जानराव : बरं. चाला. राज गेलं, पाट गेलं, गेले हत्ती-घोडे...

मारोतराव : हे, हे असंच वाजवत राह्या. गेले हत्ती-घोडे... सावली! सावली तेवढी संग राहली...

जानराव : तिचेबी...

मारोतराव : तिचेबी पाय थोडे.

सोजरबाई : दोन.

* * *

मारोतराव : आज सारं आलं. सोजरबाई, किती झाल्या?

सोजरबाई : एकोनचाळीस. अन् अजून चार दिवस बाकी हायेत. मी उगीच तुमाले अकरावा धरला, भाऊ.

जानराव : वनवासाचं पद अजून एक डाव म्हना. अंगात घेऊन म्हना. राजा रस्त्यावर आला हाये, पायात काटे हायेत, भूक लागली हाये. मी ताल धरतो.

मारोतराव : “कोन्या गावची वाट पुसू मी, कोन्या दारी थांबू, ज्याच्या माथी छत्र होतं, त्याले मिळे ना तंबू. कोनी म्हना रे बैस इथी, कोनी द्या रे पानी...”

जानराव : वा.

मारोतराव : “कोनी द्या रे पानी...” ताल कायले असा मरतुकडा धरला रे? जोरानं हान. साऱ्या गावाले ऐकू जाऊ दे.

जानराव : बाजेवर एवढाच वाजते.

मारोतराव : अन् जान्या, वर काहून बसला तू? ओट्यावर काहून बसला? उतर. खाली उभा राह्य नेहमीसारखा. माह्या बापानं पाह्यलं तं तुह्यं चामडं काढन, अन् माह्यंबी.

जानराव : मारोतराव...

मारोतराव : उतर ना लेका. मी तुह्याच भल्याचं सांगून राह्यलो. डफडं कुठी टाकलं?

सोजरबाई : पाटील. पानी घ्या.

जानराव : सोजर, थांब.

सोजरबाई : थांबत नाई. घ्या पाटील, उन्हातून बोलून राह्यले, घसा कोरडा झाला असन. गडवा घ्या.

मारोतराव : येडी झाली का वं सोजर? तुमच्या घरचं पानी मी कसा पिऊ? ठेव थे खाली. याले तहान लागली असन तं आमच्या वाड्यावर ये म्हना, मी सोता वरून घालीन, वंजळ धर म्हना. मी कोनाले नाई म्हनत नाई.

सोजरबाई : नाई म्हनत नोते. थे खरं हाये. बाकीचे तं घालतच नोते.

जानराव : मारोतराव, माह्याकडं पाहा. माह्या डोक्याचे केस पाहा. कोन्या रंगाचे हायेत?

मारोतराव : पांढरे. पांढरे काहून झाले तुह्ये?

जानराव : तुमचेबी झाले. हात लावून पाहा. तुमचे वडील जाऊन तीस वर्स झाले. तुमीच अग्नी देल्ला. मी सरन रचलं होतं. मी तुमच्या ओट्यावर नाई बसलो. हे माह्यं घर, माह्यी बाज. तुमी माह्या बाजेवर बसले हात.

मारोतराव : तुमच्या बाजेवर?

जानराव : माह्या. अन् पंधरा दिवसांपासून याच गडव्यातून पानी पिऊन राह्यले तुमी.

सोजरबाई : रोजचे तीन गडवे.

मारोतराव : ...म्या काय म्हनलं, जानराव?

जानराव : काही नाई. पद म्हनत होते.

सोजरबाई : मी सांगते काय म्हनलं. त्याईले लपवाचं असन, मले नाई. तुमी याईले जान्या म्हनलं. ओट्यावरून उतर म्हनलं. माह्या घरचं पानी कसा पिऊ म्हनलं.

मारोतराव : असं म्हनलं मी?

सोजरबाई : असंच. शब्द इकडचा तिकडं नाई.

मारोतराव : मी घरी जातो.

जानराव : बसा. चहा घेऊन जा.

मारोतराव : नाई. वाट ठाऊक हाये मले. मारोतीच्या पारावरून उजवीकडं. ठाऊक हाये.

जानराव : पारावरून डावीकडं. वाटेवर थांबा जराक, मी येतो संग.

सोजरबाई : त्याईले पोचवून या. पन उद्यापासून या आंगनात तालीम नाई. मी सांगून ठेवते.

जानराव : मानूस बिमार हाये, सोजर.

सोजरबाई : बिमार हाये म्हून खरं बोलला. चांगला असता तं असं कधी बोलला नसता, थे मले कळते. पन मी इथी रोज ओळी मोजून राह्यली, खुश होऊन राह्यली, का मानूस परत येऊन राह्यला. आता समजलं कुठी परत चालला थे. त्याचे सोन्याचे दिवस तेच आपले...

जानराव : ठाऊक हाये मले. राजा आठवला तं दरबारबी आठवनारच. मी पह्यल्या दिवसापासून वाटच पाहत होतो.

सोजरबाई : अन् तरी शिकवत राह्यले?

जानराव : एक सांगू का? हे मी आपल्या विहारात कोनाले सांगू शकत नाई, म्हनतीन म्हातारा मागं पाहून राह्यला. मलेबी थे दिवस आठवतात. बुंदी नाई आठवत, झाड नाई आठवत. ताल आठवते. मी खाली उभा राहो, पन एक थाप देल्ली की राजा उठे, दुसरी देल्ली की रानी रडे, तिसरी देल्ली की हजार मानूस श्वास धरून बसे. थे सारं गाव माह्या दोन हातात होतं, सोजर. डफडं सोडलं थे बरोबर केलं. लाचारी गेली. पन तिच्यासंग हेबी गेलं, अन् हे कुठी मागाले जाऊ? मारोतराव आला अन् म्हनला, जानराव, मले विसर पडून राह्यला, साऱ्या गावात राजाचे बोल फकत तुमच्यापाशी हायेत. सत्तर वर्सांत पह्यल्यांदा कोनी माह्या दारात काही मागाले आलं.

सोजरबाई : मंग द्या तुमी. मी त्या दिवशी येनार नाई शाळेत. मी घरी बसीन.

जानराव : नको येऊ. मी तुले ये म्हनत नाई.

मारोतराव : जानराव, पारावरून उजवीकडं ना?

जानराव : आलो, आलो. चाला.

* * *

सोजरबाई : आता सांगा. सकाळपासून मी वाट पाहून राह्यली, अन् तुमी चिलमीतून तोंड नाई काढत.

जानराव : तुले सारं ठाऊक झालं असन. आंगनात चार बाया येऊन गेल्या.

सोजरबाई : चार नाई, पाच. पाचही जनी वेगळं सांगतात. लखमा म्हने काल शाळेत तुमी डफडं वाजवलं.

जानराव : मी डफड्याले हात लावला नाई.

सोजरबाई : म्हून तं म्हनते, सुरुवातीपासून सांगा.

जानराव : मास्तरनं दिवस असतानाच ठेवली होती दंडार, म्हाताऱ्याईले अंधारात दिसत नाई म्हून. शाळेचा ओटा, मांगं शाळेचीच चादर. मी पुढं, लोकाईत बसलो. डफावर शालिग्रामचा जावाई. त्याले मंगरूळच्या टाकीत, सिनेमात जे वाजते तेवढंच येते.

सोजरबाई : अन् उकंडराव?

जानराव : रानी चांगली झाली. पदर सांभाळता सांभाळता एक डाव मिशी पुसली, तेवढंच. मंग मारोतराव आला. मुगुट घालून. बापा, असा चालत आला की पोट्टेसोट्टे गप झाले. पाठ ताठ. राज गेलं म्हनलं, पाट गेलं म्हनलं, हत्ती-घोडे गेले. अन् तिथी थांबला.

सोजरबाई : ताल नोता.

जानराव : ताल होता, पन थो त्याचा नोता. जावाई धडाधड वाजवून राह्यला अन् मारोतराव लोकाईकडं पाहून राह्यला. मंग त्यानं मुगुट काढून हातात घेतला, अन् आतून पाहू लागला, जसं बोल त्याच्यात लिहेल हायेत. मांगून कोनी तरी हसलं. पंजाबराव उठला. बापाले उतरवाले निघाला थो.

सोजरबाई : मंग तुमी गेले.

जानराव : मी गेलो.

सोजरबाई : ओट्यावर?

जानराव : ओट्यावर. तीन पायऱ्या हायेत. बावीस वर्स अशाच ओट्याखाली उभा राह्यलो, कधी मोजल्या नोत्या. जावायाले म्हनलं, थांब लेका. अन् दोन हातानं टाळी धरली. आपली जुनी, वनवासाची. जास्त काही नाई केलं.

सोजरबाई : अन् त्याले आलं?

जानराव : चवथ्या टाळीले सावली आली. मंग थांबलाच नाई. एक ओळ सुटली नाई, सोजर. तू असती तं मोजल्या असत्या.

सोजरबाई : मोजल्या असत्या. मंग खुर्चीचं काय झालं? भुरीबाई म्हने राजानं तुमाले खुर्ची देल्ली. लखमा म्हने तुमीच बसले.

जानराव : पद संपत आलं होतं. कोनी म्हना रे बैस इथी, इथवर आला, अन् माह्याकडं पाह्यलं त्यानं. मी उभा, हात चालू. थो गायचा थांबला अन् साध्या आवाजात म्हनला, “जानराव, तुमी काहून उभे? बसा.” सिंहासन म्हून मास्तरची खुर्ची होती, लाल चादर टाकेल. माह्या खांद्याले धरून बसवलं मले. अन् सोता खाली, माह्या पायापाशी बसून उरलेलं पद म्हनलं.

सोजरबाई : लोकं?

जानराव : मास्तरनं टाळ्या वाजवल्या, त्याले वाटलं दंडारीतच हाये. मांगून एक दोघं कुरकुरले, हे काय सोंग म्हने. तं उकंडराव लुगडं खोचून पुढं आला अन् म्हने, राजानं बसवलं हाये, रानीची हरकत नाई, तुमी कोन?

सोजरबाई : अन् थे ओळ दंडारीत हाये? जानराव बसा म्हनाची?

जानराव : सारी दंडार मले पाठ हाये. थे नोती त्याच्यात.

सोजरबाई : मंग कोनी शिकवली त्याले?

जानराव : मी नाई शिकवली.

सोजरबाई : ...बेबीताई आली होती सकाळी, तुमी नदीवर गेले तवा. पंजाबराव घरी आल्यावर कोनाशी बोलला नाई म्हने. जेवला, हात धुतले, अन् कोपऱ्यातली वळकटी सोडून बापाच्या बाजेवर अंथरली. सतरंजी झटकून. कारंज्याचं नाव काढलं नाई.

जानराव : सोडली वळकटी?

सोजरबाई : सोडली. अन् बेबीताई मले पुसे, काकू, बाबाले रोज दुपारी तुमच्याकडं धाडत जाऊ का? पारापर्यंत मी पोचवून देईन.

जानराव : तू काय म्हनलं?

सोजरबाई : पाहू म्हनलं.

जानराव : त्या दिवशी तं तू आंगन बंद केलं होतं.

सोजरबाई : त्या दिवशी केलं होतं. पाहा, आलेच. बेबीताई पारावरून परत चालली. दुपारबी नाई झाली अजून.

मारोतराव : रामराम, जानराव. नाई, जयभीम. जयभीम म्हनतात ना तुमी?

जानराव : काहीबी चालते. या.

मारोतराव : उशीर तं नाई झाला? सून सोडत नोती. आंघोळ करा, चहा घ्या, कालचं असं झालं अन् तसं झालं. तिचं बोलनं मले समजत नाई. मी म्हनलं, मले जाऊ दे, जानराव थांबला असन.

जानराव : झोप लागली का धड?

मारोतराव : लय चांगली. कोन जाने काहून, आंग असं हलकं हाये, जसं बाजार करून आलो. पन जानराव, मले एक काळजी लागली. वाटेनं म्हनत आलो तं वनवासाच्या पदाच्या चारच ओळी येतात. दंडार कवा हाये? आज हाये का उद्या? पंजाब तिथी पुढंच बसनार हाये.

जानराव : मारोतराव, दंडार तं...

सोजरबाई : आठ दिवस हायेत अजून, भाऊ. लय दिवस हायेत. बसा वर.